बिनखिडकीची केबिन

शेवटचा साधा दिवस गुरुवार होता. तो शेवटचा आहे हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी जरा बरी वागले असते.

संध्याकाळी सहाला मी ग्रंथालयातून घरी आले. बाबा हॉलच्या मधोमध, खडूने आखलेल्या खोलीत, खडूने आखलेल्या पलंगावर खुर्ची टाकून बसले होते. मी चपला काढल्या आणि सवयीने सरळ स्वयंपाकघराकडे निघाले.

"भिंत," बाबा म्हणाले.

मी थांबले, मागे फिरले, सोफ्याच्या कडेने अंग चोरत वळसा घातला आणि पाणी प्यायले. स्वतःच्या घरात स्वतःच्या हॉलला वळसा घालून पाणी प्यायची वेळ माझ्यावर येऊन तीन आठवडे झाले होते.

"डोकं दुखतंय का?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"नाही."

"बरं." ते उठले आणि त्यांनी ट्यूबलाइट बंद केली. "या उजेडात मला नकाशा नीट दिसत नाही."

उजेड बंद केल्यावर ज्याला जास्त दिसतं असा माणूस माझ्या माहितीत एकच होता. बाबांनी छत्तीस वर्षं एक्स-रे काढले. त्यातली निम्मी तरी फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीत गेली असतील. पुढे सगळं कॉम्प्युटरवर आलं, भिंतीवरच्या दिव्याच्या पेट्या भंगारात निघाल्या आणि निवृत्त होताना बाबांनी त्यातली एक मागून घेतली. लोक भेट म्हणून घड्याळ आणतात, आमच्याकडे ही पेटी आली. तिच्यासमोर ते आता जहाजाचा नकाशा धरून बसले होते, पांढऱ्या उजेडात नाकाचं टोक तेवढं दिसत होतं.

"मिळाली," ते म्हणाले आणि एक पत्र पुढे केलं. "पाचशे सोळा."

"आतली?"

"आतली. बिनखिडकीची."

दोन महिन्यांच्या लढ्यानंतर मिळालेली केबिन होती. निदान "वा" तरी म्हणायचं. मी म्हणाले, "आयुष्यभर अंधारात बसलात. आता समुद्रावर जाऊनही अंधारातच बसा."

बाबांनी पत्राची घडी घातली. "तिथे झोप चांगली लागेल," एवढंच म्हणाले.

याची सुरुवात माझ्याच हौसेने झाली होती. बाबांना पंच्याहत्तरावं लागणार होतं आणि त्यांनी कधी समुद्रावरून प्रवास केला नव्हता. मी सात दिवसांच्या क्रूझची दोघांची तिकिटं काढायचं ठरवलं. मी, बाबा आणि बाल्कनीची केबिन. सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसलेले बाबा मला माहितीपत्रकातल्या त्या परक्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थाच्या जागी दिसायलाही लागले होते.

बाबांनी माहितीपत्रक शेवटच्या पानापासून वाचलं. "ही काय?" त्यांनी बोट ठेवलं. "आतली केबिन?"

"ती नाही हो. तिला खिडकीच नसते."

"मग तीच."

मला वाटलं, खर्चाचा विचार करताहेत. बाबांच्या पिढीला भेट देणं अवघड असतं. भेटीपेक्षा ती वाचवण्याचा आनंद त्यांना जास्त होतो. मी समजावलं, रागावले, दोन दिवस अबोला धरला. बाबा शांत. ज्या माणसाने हजारो लोकांना "हलू नका" सांगण्यात हयात घालवली त्याला हलवणं सोपं नसतं.

मग शेजाऱ्यांना कळलं.

वरच्या मजल्यावर कर्नल राहतात. ते सैन्यात कधीच नव्हते, विम्याच्या कचेरीत होते. हुद्दा त्यांना मिशांमुळे मिळाला. ते म्हणाले, "बिनखिडकीची म्हणजे कोठडीच की! पैसे भरून कोठडीत कोण जातं? आपल्याकडे निदान सरकारी खर्चाने पाठवतात." समोरच्या काकूंच्या नणंदेच्या व्याह्यांनी असा प्रवास केला होता, त्यामुळे काकू स्वतःच जाऊन आल्यासारख्या होत्या. "आत उलट्या होतात," त्या म्हणाल्या. "बाहेर बघत राहिलं की होत नाहीत. आणि लिफ्टजवळची मुळीच घेऊ नका. रात्रभर टिंग टिंग."

हा शेवटचा सल्ला फार महागात पडला. काकू सहज बोलून गेल्या, बाबांनी ते मनावर घेतलं.

त्यांनी जहाजाच्या सगळ्या मजल्यांचे नकाशे पातळ कागदावर गिरवून घेतले आणि ते एकावर एक ठेवून दिव्याच्या पेटीवर लावले. छातीच्या फोटोत फासळ्यांमागे फुप्फुस दिसावं तसं पाचव्या मजल्यामागे सहावा आणि सहाव्यामागे चौथा दिसायला लागला. "ही बघ, पाचशे चाळीस," बाबा बोट फिरवत. "दिसायला निर्दोष. पण हिच्या डोक्यावर काय आहे? नाचाची जागा. पाचशे दोन. खाली नांगराची साखळी. पहाटे पाचला खडखडाट. पाचशे एकवीस, शेजारच्या केबिनमध्ये उघडणारं मधलं दार. तिथून माणसं बोललेली ऐकू येणार." एकेक केबिन तपासून ते खाली अहवाल लिहीत, अगदी दवाखान्यातल्यासारखा. 'क्र. ५४०. वरून आवाज. नाकारली.'

सगळ्यात वाईट म्हणजे नकाशातल्या काही जागा पांढऱ्या सोडलेल्या होत्या. तिथे काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं.

"काहीतरी असेल," मी म्हणाले.

"काहीतरी असेल म्हणून चालत नाही. फोटोत पांढरं दिसलं की विचारायचं असतं."

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं: सहाव्या मजल्यावर, पाचशे बाराच्या बरोबर वर, अंदाजे दहा बाय सहाची रिकामी जागा आहे, तिच्यात काय आहे ते कळवावे. उत्तर आलं की आमच्या जहाजावरील मसाजाच्या सोयीत आपण रस दाखवलात याबद्दल आभारी आहोत. बाबांनी ते पत्र दिव्याच्या पेटीवर लावून पाहिलं. आणखी काही दिसतंय का म्हणून असावं. मग पाचशे बारा नाकारली.

खडूचं त्यानंतर सुरू झालं. केबिनची लांबीरुंदी कंपनीने छापली होती. "तेरा बाय दहा म्हणजे किती ते अंगाला कळलं पाहिजे," असं म्हणून बाबांनी हॉलमध्ये चारही भिंती आखल्या. दोन पलंग, मधे दीड फूट जागा, कोपऱ्यात न्हाणीघर आणि एक दार. दिवसभर ते तिथेच वाचत, तिथेच दाढी करत, तिथेच पेपर चाळत. दोन्ही पलंगांवर आळीपाळीने निजून बघत. कर्नल सल्ला द्यायला आले आणि आपल्या नेहमीच्या ऐटीत तडक हॉलमध्ये शिरले.

"तुम्ही भिंतीतून आलात," बाबा म्हणाले.

"काय?"

"दार तिकडे आहे."

कर्नल मागे गेले, दारातून आले आणि आल्या आल्या म्हणाले, "वारा कुठून येणार?"

"छतातून. सोय असते."

"मला तर आत्ताच गुदमरायला होतंय."

"तुम्ही न्हाणीघरात उभे आहात," बाबा म्हणाले.

या सगळ्याची मला लाज वाटत होती, हे लिहिलंच पाहिजे. माझ्याकडे ग्रंथालयातल्या मैत्रिणी यायच्या होत्या, त्यांना मी बाहेरच भेटले. मी चाळिशी ओलांडलेली, पुष्कळ वाचलेली बाई आणि माझ्या हॉलमध्ये खडूचं न्हाणीघर.

सहल कंपनीच्या कचेरीत तर माझी उरलीसुरली अब्रू गेली. तिथे काउंटरवर एक तरतरीत बाई बसते. तिच्या प्रत्येक दुसऱ्या वाक्यात "सिस्टिम घेत नाही" असायचं, म्हणून बाबांनी तिचं नाव सिस्टिमताई ठेवलं. तोंडावरच. तिनेही ते हसून घेतलं. अडचण अशी होती की आतल्या केबिनी भरत नसल्या की कंपनी आपणहून लोकांना खिडकीच्या, नाहीतर बाल्कनीच्या केबिनमध्ये टाकते. जास्तीचे पैसे न घेता. जगात सगळीकडे लोक यासाठी हात जोडतात. बाबांना ते तीनदा मिळालं आणि तिन्ही वेळा ते तक्रार घेऊन गेले.

"सर, बाल्कनी आहे. फुकट आहे!"

"फुकट आहे म्हणून घ्यायची? उद्या फुकट आहे म्हणून पायाला प्लास्टर घालाल."

"सर, पण सिस्टिम वर नेते, खाली आणत नाही."

"मग तुमची सिस्टिम गच्चीवर अडकलीय. कुणीतरी जिना दाखवा तिला."

मी मागे उभी राहून भिंतीवरच्या परदेशी पुलांचे फोटो बघत होते. रांगेतला एक माणूस मला म्हणाला, "तुमचे वडील का? फार तत्त्वाचे दिसतात." मी म्हणाले, "हो." यापेक्षा मोठ्या कौतुकाचे शब्द मला बाबांबद्दल चारचौघांत कधी काढता आले नाहीत आणि तेही दुसऱ्याचेच होते.

शेवटी बाबांनी स्वतःच एक अर्ज तयार केला. वरची केबिन नाकारून खालची मागण्याचा. त्याला त्यांनी 'उतरतीचा अर्ज' नाव दिलं. मग त्यावर वयाचा दाखला मागितला, वय दिसल्यावर तब्येतीचा दाखला आणि तब्येतीसाठी डॉक्टरांनी छातीचा फोटो. फोटो बघून बाबा संतापले. "कोणी काढलाय हा? अर्धा श्वास सोडल्यावर बटण दाबलंय." त्यांनी परत काढायला लावला आणि आत जाऊन त्या तंत्रज्ञाला स्वतःच सूचना दिल्या: मी श्वास घेतो, रोखतो, मग तुम्ही दाबा. दुसरा फोटो त्यांनी घरी पेटीवर लावला आणि समाधानाने बघितला. "हृदय जरा मोठं आहे," ते म्हणाले. "वयाला शोभेल इतकंच."

मी हसले. डॉक्टरांनीही दाखला दिला होता.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला बाबा गेले. मी गॅसवर दूध ठेवलं होतं. त्यांनी हाक मारली नाही, काही पडल्याचा आवाजही आला नाही. चहा झाल्यावर मी बाहेर आले तर ते खडूच्या केबिनमध्ये, डावीकडच्या पलंगावरच्या खुर्चीत, पेपर मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हणाले, "चहा." मग मी भिंत ओलांडून गेले. कुणी काही म्हणालं नाही, तेव्हा मला कळलं.

त्यानंतरचे दिवस मी इथे सांगत नाही. एकच सांगते. लोक भेटायला येत, बसत, जात. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी खडूच्या रेघा पुसट होत गेल्या. कुणाला त्या कसल्या ते माहीत नव्हतं आणि मला सांगायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कर्नल आले. एवढा आडदांड माणूस, हॉलच्या उंबऱ्याशी थांबला. त्यांनी खाली बघितलं, रेघ शोधली, वळसा घातला आणि दारातून आत आले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "जागा तशी ऐसपैस आहे."

ते गेल्यावर मी पहिल्यांदा रडले.

पाचव्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. दोघांच्या नावाने. अभिनंदन, आपणास बाल्कनीची केबिन देण्यात येत आहे.

जायचं नाहीच, असं मी ठरवलं होतं. पत्र आल्यावर माझ्या मनात आलं ते लिहायला संकोच वाटतो. माझ्या मनात आलं: बाल्कनी. बाबा अडवायला नाहीत. मी पहिल्यापासून मागत होते ते दारात आलंय, आणि कदाचित मोकळ्या वाऱ्यावर बसून मला जरा बरं वाटेल. मी बाबांचं नाव कमी करण्यासाठी कागदपत्रं घेतली आणि कचेरीत गेले.

सिस्टिमताईने मला ओळखलं. माझ्यामागे बाबा आहेत का ते बघितलं. मग माझ्या हातातला कागद बघितला.

"सर?" ती म्हणाली.

मी मान हलवली. तिने टंकायचं थांबवलं, बाटलीतलं पाणी ग्लासात ओतलं, ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि स्वतःच प्यायली.

"दोनाचं एक करायला सिस्टिम..." ती बोलता बोलता थांबली. "मी बघते. मॅडम, तुम्ही बाल्कनीच घ्या. सर आता नाहीत, तर ती आतली कशाला? तुम्हाला उजेडाचा त्रास होतो म्हणून ते मागे लागले होते, पण बाल्कनीला जाड पडदे असतात. मी सरांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले, पडद्याला फट राहते."

"मला?" मी म्हणाले. "मला काही त्रास होत नाही."

ती गोंधळली. तिने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. आमच्या नावांखाली 'विशेष शेरा' असा एक रकाना होता. त्यात बाबांनी सांगितलेलं तिने शब्दशः भरलं होतं: 'मुलीला अर्धशिशी. उजेड व आवाज सोसत नाही. विचारल्यास नाही म्हणेल. तरी पूर्ण अंधा'

"पुढचं घेतलं नाही सिस्टिमने," ती म्हणाली. "अक्षरं संपली."

लहानपणी मला अर्धशिशी होती, हे खरं. शाळेतून घरी न जाता मी बाबांच्या दवाखान्यात जायची आणि ते मला फिल्म धुवायच्या खोलीत बाकावर निजवायचे. लाल दिवा, रसायनांचा आंबूस वास आणि मधूनमधून हळूच, माझी झोप मोडू नये म्हणून अगदी हळूच, टाकीत बुडवलेली फिल्म. मग मी मोठी झाले. माझ्या डोक्यावरून घरात चाललेली धावपळ, ओढलेले पडदे, "शूऽऽ तिचं डोकं दुखतंय" हे सगळं मला नकोसं झालं. एकोणिसाव्या वर्षी मी जाहीर केलं की माझं डोकं आता दुखत नाही. बाबांनी "बरं" म्हटलं. त्यानंतर पंचवीस वर्षं, मी घरी आले की कधी त्यांना दिव्यात नीट दिसायचं नाही, कधी बल्ब फार तापलेला असायचा, कधी त्यांचेच डोळे चुरचुरायचे. पंचवीस वर्षं मला वाटत होतं, म्हातारा होत चाललाय माणूस.

"मॅडम, बाल्कनी पक्की करू?"

"नको," मी म्हणाले. "पाचशे सोळा."

"मॅडम, ती आता सिस्टिमने वर..."

"मला खिडकी नको आहे," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच असावं, कारण रांगेतले दोघे भिंतीवरच्या पुलांकडे बघायला लागले. "फुकट आहे म्हणून मी खिडकी घेणार नाही. पाचशे सोळाच्या वर केबिन आहे, खाली केबिन आहे, लिफ्ट सत्तावीस पावलांवर आहे आणि शेजारी मधलं दार नाही. मला तीच पाहिजे. अर्ज कुठे करायचा?"

सिस्टिमताईने खण उघडून एक कागद काढला. 'उतरतीचा अर्ज.' बाबांचं अक्षर, झेरॉक्स केलेलं.

"सरांचाच नमुना आहे," ती म्हणाली. "आता सगळ्यांना हाच देते. सिस्टिम घेते याला."

जहाजाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाचशे सोळा तेरा बाय दहाच होती, आणि मी दिवा न लावता न्हाणीघरात जाऊ शकत होते. आवरायला येणारे गृहस्थ पहिल्याच दिवशी दिलगिरीच्या सुरात म्हणाले की खिडकी नाही, पण टीव्हीच्या एका चॅनेलवर समुद्र दिसतो. मग त्यांनी दोन पलंग जोडून एक मोठा करून देऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हणाले. दोन्ही तसेच राहू द्या, डावीकडचाही अंथरून ठेवा. नांगराची साखळी मला कधी ऐकू आली नाही, नाचही नाही. बाबांचा अहवाल सगळा बरोबर होता. त्यांना तसं सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या डेकवर गेले. समुद्र माहितीपत्रकात होता तसाच होता, फार मोठा आणि फार चकचकीत. पाण्यावरून उलटून येणारं ऊन डोळ्यांत शिरलं आणि तासाभरात उजव्या भुवईच्या वर ओळखीची कळ सुरू झाली. मी लिफ्टने खाली आले, सत्तावीस पावलं मोजत केबिन गाठली, दार लावलं आणि दिवा मालवला.

दुपारचे तीन वाजले होते. आत इतका काळोख होता की डोळे मिटले काय आणि उघडले काय, फरक पडत नव्हता. कुठे फट नव्हती. खालून जहाजाची अगदी बारीक थरथर येत होती, कुणीतरी शेजारच्या टाकीत काहीतरी हळूच बुडवून काढतंय तशी. मी उजवीकडच्या पलंगावर, डावीकडे तोंड करून पडून राहिले. बराच वेळ वाट पाहिली. कुणी विचारलं नाही.

"हो, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "दुखतंय. त्या गुरुवारीही दुखत होतं. दिवा बंद केलात, बरं केलंत."